भीमाबाईची शेंग

यमुताई आमच्या शेजारी राहायला आल्या त्या दिवशी त्यांचं सामान ट्रकमधून पुरतं उतरलंही नव्हतं. त्यांचे यजमान रुपरावजी हमालांवर ओरडत होते. शामला नावाची त्यांची सडपातळ मुलगी देव्हारा छातीशी धरून उन्हात उभी होती. आणि यमुताई मात्र आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर तळहात फिरवत होत्या. मला वाटलं, ओल आहे का ते बघत असतील.

"ही भिंत तुमची का आमची?" त्यांनी मला विचारलं.

"दोघींची," मी म्हटलं.

"मंग तुमच्याकडची बाजू देता का मले? तुमच्याकडं ऊन चांगलं येते."

मी त्यांना अजून चहासुद्धा विचारला नव्हता. नव्या शेजारणीला पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणाले. पुढे कितीतरी हिवाळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आकाश दिसलं नाही, वालाचा वेल दिसला.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची असावी. रुपरावजी खापरखेड्याच्या पावरहाऊसमधून रिटायर झाले आणि नागपुरात अजनीच्या पलीकडे आमच्या लेआउटमध्ये प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं. तेव्हा आमच्या लेआउटमध्ये घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. माती काळी, पावसाळ्यात चप्पल गिळणारी. बाकीच्या बायका त्या मातीला शिव्या द्यायच्या. यमुताईंनी मूठभर उचलली, वास घेतला आणि म्हणाल्या, "बाप्पा, सोनं हाय."

त्या ट्रकमधून कपाट एकच उतरलं, पण तोंडं शेणानं लिंपलेली लहानमोठी गाडगी उतरत राहिली. प्रत्येकात राखेत घोळलेलं, निंबाचा पाला घातलेलं बियाणं. वालाच्याच तऱ्हा किती! जांभळ्या कडेची शेंग, हाताच्या पंज्याएवढी चपटी शेंग, बोटभर पोपटी शेंग, शिवाय चवळीसारखी बरबटी आणि तलवारीसारखी लांब अबई. आणि त्यातल्या एकीलाही धड नाव नव्हतं. ज्या बाईनं बियाणं दिलं तिचं नाव शेंगेला. इंदूबाईची शेंग, जिजाबाईची शेंग. आणि बोलताना 'शेंग' हा शब्दही गळून जाई. एकदा ह्यांचे साहेब आमच्याकडे चहाला बसले असताना भिंतीपलीकडून हाक आली, "पुष्पाबाई, कांताबाईच्या अंगावर मावा पडला वं! राख टाका तिच्यावर!" साहेबांनी कप खाली ठेवला. कांताबाई म्हणजे यमुताईंची सावनेरची नणंद आणि तिच्याकडून आलेली जांभळी शेंग, आणि ती माझ्या भिंतीवर आहे, हे सगळं समजावेपर्यंत चहा गार झाला. साहेबांना ते पटलं असं मला आजही वाटत नाही.

राखेवरून तर आमची पहिली खडाजंगी झाली. आमच्याकडे नुकताच गॅस आला होता. "तुमच्याकडं राखच नाही?" त्यांनी असं विचारलं, जसं काही माझ्या घरात मीठच नव्हतं. खापरखेड्याला म्हणे पावरहाऊसची राख रोज आपोआप पानांवर पडायची, मावा जवळ फिरकायचा नाही. मग त्या रोज स्वतःच्या चुलीतली राख चाळणीतून माझ्या वेलावर भुरभुरवायच्या, आणि वाळत घातलेल्या माझ्या साड्यांवरही.

एका घरी एकच तऱ्हा, असा त्यांचा दंडक होता. शेजारीशेजारी दोन लावल्या की त्यांची भेसळ होते. "मधमाशी काय जात पाहून बसते का?" त्या म्हणत. म्हणून सगळ्या लेआउटच्या कुंपणांवर त्यांनी आपले वेल वाटून दिले. पाणी आमचं, दोऱ्या आमच्या, मांडव आमचे. शेंगा धरल्या की त्या स्वतः येऊन वेलाच्या बुडाकडचे सगळ्यात चांगले घोस हेरायच्या आणि त्यांना लाल चिंधी बांधायच्या. चिंधी बांधलेली शेंग तोडायची नाही, ती बियाण्याची. ती वेलावरच वाळायची. माझ्या भिंतीवर, माझ्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या वेलाची उत्तम शेंग मी डोळ्यांनी बघायची आणि राठ झालेली चिरून भाजी करायची. एकदा पाहुणे आले म्हणून मी चिंधीशेजारच्या शेंगेला नुसता हात लावला, तर भिंतीवर डोकं उगवलं. "तिले राहू द्या. पलीकडची घ्या." ह्या बाई झोपतात केव्हा, असा मला प्रश्न पडे.

वस्तू मागायला त्यांना अजिबात संकोच नव्हता. भिंत मागितली, दोरी मागितली, माझी नवी चाळणी मागितली. पण एक गोष्ट त्या मरेपर्यंत मागणार नाहीत असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. बियाणं. बियाणं द्यायचं ते न मागता, आणि घ्यायचं तेही न मागता. आणि दिलेलं बियाणं परत मागणं म्हणजे तर पापच. त्यांच्या आईकडची ही रीत.

"मागून आणलेल्या बियाण्याले फुलं येतात पुष्पाबाई, शेंग नाही धरत."

"कुणी बघितलंय?"

"कोणी पाह्यलं नाही म्हून तर चालू हाय," त्या म्हणाल्या. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. देवघेवीवर मी दोन पेपर लिहिलेत, पण हा प्रकार त्यात नव्हता.

त्यांच्या सगळ्या शेंगांमध्ये एक मात्र लेआउटमधल्या कुणाच्याच कुंपणावर नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या मागच्या आंगणात ठेवली होती, विहिरीजवळ. भीमाबाईची शेंग. तिचा दाणा तांबूस, त्यावर काळा शिंतोडा, आणि एका कडेला पांढरी रेघ. चवीला लोण्यासारखी, असं त्या म्हणायच्या. मला दोनदाच मिळाली, पण खोटं कशाला बोलू, होती खरी तशी.

खापरखेड्याच्या कॉलनीत भीमाबाईचं क्वार्टर त्यांच्या पाठीला पाठ लावून होतं. भीमाबाई आणि तिचा नवरा वसंत दोघांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्या ओळीतल्या काही बायका तिच्या घरचं पाणी पीत नसत. भीमाबाईनं एकदा तारेच्या कुंपणावरून मूठभर दाणे पुढे केले, "माह्या मायच्या गावचे हायत, लावून पाहा," आणि यमुताईंनी पदर पुढे केला. सासूबाईंनी चार दिवस तोंड फुगवलं. हिवाळ्यात शेंगा आल्यावर त्यांनी सासूला त्याच शेंगांची भाजी वाढली, तिनं दोनदा मागून घेतल्यावर मग सांगितलं. मला ही गोष्ट सांगताना त्या अजून हसायच्या.

पुढे वसंतला चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. राहायला मिळाली चाळ, दाराशी सगळी फरशी. जाताना भीमाबाईनं आपल्याकडचं सगळं बियाणं यमुताईंच्या हवाली केलं. "माती भेटली का मी येईन. खाय, वाट, पण तुटू देऊ नको." तेव्हापासून यमुताई ती शेंग लावत होत्या, दरसाल, न चुकता. शामलाला टायफॉइड झाला त्या वर्षीसुद्धा.

आणि एका मे महिन्यात रुपरावजी सीताबर्डीवरून निरोप घेऊन आले. त्यांना तिथे वसंत भेटला होता. कामठी रोडला, इंदोऱ्याच्या पुढे त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, मागे चांगलं आंगण होतं. पाऊस लागायच्या आत भीमाबाई शेंग न्यायला येणार होती.

यमुताईंचा त्या दिवसापासून जमिनीला पाय लागेना. भीमाबाईचं गाडगं फोडून त्यांनी सगळेच्या सगळे दाणे सुपात काढले. ऊन दाखवायचं, राख झटकायची, आणि त्यातले निवडक तिला द्यायचे. एकेक दाणा बोटांनी फिरवून बघत बसत. मी म्हटलं, "अहो, थोडे तरी गाडग्यात राहू द्या." तर म्हणाल्या, "निवडल्यावर टाकतो ना."

नेमके त्याच आठवड्यात शामलाला बघायला उमरेडचे पाहुणे यायचे ठरले. मदतीला सावनेरहून कांताबाई आली. शेंग नव्हे, नणंद. हिला कामाचा उरक असा की मांजरसुद्धा तिच्या वाटेत येत नसे. आदल्या संध्याकाळी यमुताई माझ्याकडे कपबशा न्यायला आल्या आणि माझी चकली बिघडते आहे असं पाहून तिथेच बसल्या. तेवढ्यात तिकडे कांताबाईनं मागच्या पडवीत निवडून ठेवलेल्या दाण्यांचं सूप पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मी वाढायला होते. यमुताई भात घेऊन आल्या आणि मुलाच्या वडिलांच्या ताटाशी थबकल्या. ताटात वालाची उसळ होती, आणि रश्शात एक तांबूस दाणा, त्यावर काळा शिंतोडा.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाताची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती.

"उसळ फसकिलास झाली हो बाई," मुलाचे वडील म्हणाले. "अजून हाय का?"

"हाय ना," यमुताई म्हणाल्या. "पोटभर घ्या." आणि स्वतःच्या हातानं त्यांना वाढली.

पाहुणे गेल्यावर मी मागच्या दारी गेले. यमुताई रिकाम्या सुपाशी बसल्या होत्या. आतून कांताबाईचा आवाज येत होता, "वहिनी, पोरगी पसंत हाय त्याइले, लिहून ठेवा! पाह्यलं नाही का, कसे जेवले? सुपात निवडून ठेवलं होतं म्हून रातीच भिजू घातलं. मी नसती तर काय केलं असतं तुम्ही?"

"तिला सांगा तरी," मी हळूच म्हटलं.

"काहून? पाहुणी हाय. उद्या जाईन. तिले काय माहीत?"

"मग भीमाबाईला काय सांगणार?"

सुपाच्या कडेत अडकलेला एक दाणा त्या नखानं काढत होत्या. निघाला, तर ती माती होती.

आता कुणीही शहाणं माणूस काय करील? गेल्या काही वर्षांत त्यांनी ज्यांना ज्यांना ती शेंग दिली त्यांच्याकडे जाईल आणि म्हणेल, बाई गं, चार दाणे दे. भीमाबाईनं 'वाट' म्हटलं होतं आणि यमुताईंनी ती खापरखेड्याच्या बायकांना वाटली होतीच. मी हे म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "जाऊ ना. तुम्ही चला संगं. पण मागायचं नाही."

"मग जायचं कशाला?"

"भेटाले. त्याइच्या मनात आलं तर देतीन."

आधी गेलो खापरखेड्याला, इंदूबाईकडे. मे महिना, नागपूरचं ऊन. एस.टी.चा पत्रा शिवला तर फोड यावा. यमुताईंनी माझ्या आणि स्वतःच्या कमरेला कांदा खोवला होता, लू लागू नये म्हणून, आणि बसमध्ये माझा कांदा घरंगळून ड्रायव्हरपर्यंत गेला. इंदूबाईनं पन्हं दिलं. यमुताईंनी तिच्या सुनेची चौकशी केली, दमा विचारला, छपराची कौलं विचारली. मग आंगणात जाऊन म्हणाल्या, "इथं गेल्या साली वेल होता वाटते?"

"होता ना," इंदूबाई म्हणाली. "सुनेनं उपटला. साप येते म्हणे. आता तिथं गुलाब लावला तिनं."

यमुताईंनी गुलाबाची तारीफ केली! मी माझ्या कानांनी ऐकली. गुलाबाला कळी एकच होती, तीही किडलेली.

घरी ह्यांना सांगितलं तर ह्यांना हसू आवरेना. "म्हणजे डॉक्टरकडे जायचं आणि दुखणं सांगायचं नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही या पुढच्या वेळी, आणि मग हसा.

मग कामठी. तिथे जिजाबाई. तीही त्याच क्वार्टरच्या ओळीतली, आता मुलांनी कामठीला पावरलूम टाकले म्हणून तिकडे राहायला गेलेली. घरात शिरलो तेव्हा मागच्या खोलीतून मागांचा असा खडखडाट येत होता की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. टिनाच्या छपरावर वाळलेला वेल मला दारातूनच दिसला. यमुताईंनाही दिसला असणार, कारण त्या एकदम जास्तच बोलायला लागल्या. मागांविषयी बोलल्या. लुगड्यांच्या काठांविषयी बोलल्या. नातवाला दात आला का, कोणता आला, वरचा का खालचा. चहा झाला. पोहे झाले. कोपऱ्यात एक भोपळा ठेवला होता, त्याच्याविषयी इतकं बोलल्या की जिजाबाईनं तो आम्हाला देऊ केला. आता मी ह्या भोपळ्याला मांडीवर घेऊन बसमधून जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

मी यमुताईंना कोपरानं ढोसलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. मी खाकरले. त्या म्हणाल्या, "पुष्पाबाईले पाणी दे वं जिजा, घसा सुकला त्याइचा."

पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला होता. भीमाबाई कोणत्याही दिवशी दारात उभी राहिली असती. आणि ही बाई दाताविषयी बोलत होती.

"जिजाबाई," मी मागांच्या वर आवाज चढवून म्हटलं, "तुमच्याकडे भीमाबाईच्या शेंगेचं बियाणं आहे का? आम्ही त्यासाठीच आलोय. यमुताईंकडचं सगळं गेलं."

नेमके तेव्हाच माग थांबले. वीज गेली असावी. माझं शेवटचं वाक्य शांततेत असं काही वाजलं की मलाच दचकायला झालं.

"अवं माय!" जिजाबाई म्हणाली. "मंग मघापासून भोपळ्याच्या गोठी काय करून राहिली वं यमू? तोंडात काय मूग धरले होते?"

तिनं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली वाळक्या शेंगांची जुडी काढली, धुरानं काळी झालेली. फोडून दाणे माझ्या पदरात ओतले. तांबूस, काळा शिंतोडा, पांढरी रेघ. निम्म्यांना भोकं होती, भुंग्यानं धूर जुमानला नव्हता, पण निम्मे चांगले होते. मला इतका आनंद झाला की मी वळून यमुताईंकडे पाहिलं.

त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या नाहीत. पुढच्या बाकावर एका फौजीच्या बायकोशेजारी बसल्या. मी बियाणं आणि भोपळा घेऊन मागे. आमच्या लेआउटच्या वळणावर उतरल्यावर पहिल्यांदा बोलल्या.

"ते तुमचं बियाणं. मी नाही हात लावत."

"अहो, पण मी तुमच्यासाठी..."

"मागितलं ना तुम्ही."

"मग आता मी तुम्हाला देते. न मागता. घ्या."

"अशानं होते का? मागून आणलेलं फिरवून देल्लं तर ते काय न मागितलेलं होते?"

मला वाटलं, भोपळा तिथेच रस्त्यावर आपटावा. आपटला नाही, घरी आणला, पण दोन दिवस मी यमुताईंशी बोलले नाही. म्हणजे मी बोलत नव्हते. त्या बोलत होत्या. बियाण्याला हात लावायचा नव्हता, पण भिंतीवरून नजर ठेवायला कुणाची बंदी नव्हती. मी ओट्यावर दाणे निवडायला बसले की वरून सूचना. "भोक पडलं म्हून फेकू नका. डोळा शाबूत असन तर ते बी उगवते. नाही, ते नाही, ते पलीकडचं. राख लावली का? गॅसची राख कुठून येणार म्हणा." आणि थोड्या वेळानं राखेची वाटी भिंतीवर ठेवलेली असे. संध्याकाळी मी ती उचलली नाही तर सकाळी दुसरी.

"भीमाबाईला तुम्ही सांगणार काय?" मी अखेर विचारलंच. "बियाणं माझ्या डब्यात आहे. तिला ते मी देणार, ते ठीक. पण तुम्ही?"

त्यांनी भिंतीवर हनुवटी टेकली. "माहीत नाही पुष्पाबाई," त्या म्हणाल्या. "तिनं सारा भरवसा माह्यावर ठेवला होता. अन् तेव्हा तिच्या घरचं पाणी बी कोणी पीत नव्हतं." तेव्हा कुठे माझा राग ओसरला. म्हणजे थोडासा ओसरला.

भीमाबाई दोनच दिवसांनी आली. ठेंगणी, काळी, ठसठशीत बाई, हातात रिकामी पिशवी. मला वाटलं होतं, आता ह्या दोघी पडवीत बसून अर्धा दिवस दातांविषयी बोलतील. भीमाबाईनं यमुताईंच्या दारात चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"यमे, माह्या शेंगा कुठी हायत? दे."

मी भिंतीपाशी होते. यमुताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "बस तं आधी," त्या म्हणाल्या.

"बसतो मंग. आधी दे. सपनात येऊन राहिली थे शेंग मले."

"तू मागून राहिली?" यमुताईंच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "देल्लेलं बियाणं मागते का कोणी?"

"मी देल्ली कुठं होती? ठेवाले देल्ली होती. ठेवलेलं नाही मागायचं तं काय करायचं?"

यमुताई ओट्यावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत राहिल्या. "भीमे, मी नाही राखली तुही शेंग," त्या म्हणाल्या. "इतके साल राखली अन् तू येणार म्हून सारी काढली, अन् उसळ झाली तिची. पाहुण्याइनं खाल्ली. एक दाणा नाही राह्यला माह्यापाशी."

कांताबाईचं नावही त्यांनी घेतलं नाही.

भीमाबाईनं हातातल्या पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मी भिंतीवरून ओरडणार होते की अहो, आहेत, माझ्याकडे आहेत. पण त्याआधी तीच बोलली.

"मंग? चव कशी लागली?"

"मी कुठं खाल्ली? माह्या घशाखाली उतरली असती का?"

"सारं गाव जेवलं अन् ही उपाशी!" भीमाबाई माझ्याकडे वळली. माझी तिची ओळखही नव्हती. "पाहा बाई. भैताड हाय का नाही? येवढी राखली, अन् शेवटच्या उसळीचा एक घास नाही घेतला. निदान चव तं सांगतली असती मले!" आणि ती हसायला लागली. यमुताई आधी रडल्या, मग त्याही हसल्या, आणि मग पुन्हा रडल्या, आणि मला कळेना की आता डबा घेऊन जावं की थांबावं.

गेले. भिंतीला वळसा घालून, डबा घेऊन. भीमाबाईच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं: कामठी, भोपळा, मागणं, बस. तिनं झाकण काढून दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले, एकाला दात लावून पाहिला.

"हेच," ती म्हणाली. मग यमुताईंना, "पदर कर."

"मी नाही..."

"तू मागितलं का मले?"

"नाही."

"मंग पदर कर ना वं! का तुह्या पाया पडू?"

यमुताईंनी पदर केला. भीमाबाईनं अंदाजानं अर्धे दाणे त्यात ओतले. यमुताईंनी पदराची गाठ मारायच्या आधी आत डोकावून पाहिलं. डोळे अजून ओले होते.

"भोकाचे सारे मलेच देल्ले का वं?"

"बापा रे! फुकट भेटलं तं नखरे पाहा हिचे."

"फुकट कसं? इतके साल राखली कोणी?"

"अन् खाल्ली कोणी?"

मग दोघी पडवीत मांडी घालून बसल्या आणि सगळे दाणे पुन्हा एकत्र ओतून नव्यानं वाटायला लागल्या. एक तुला, एक मला, हा नको, तो दे. मी घरून चहा करून आणला, पण तो कुणालाच आठवला नाही. मी कप घेऊन तिथेच उभी. थोड्या वेळानं भीमाबाईनं वर न बघताच हात उंच केला आणि मुठीतले काही दाणे माझ्या रिकाम्या बशीत टाकले.

"तुम्ही बी ठेवा बाई. हिचा काय भरवसा!"

मी कुणालाही काहीही मागितलं नव्हतं. मला बियाणं नको होतं, वेल नको होता, राख तर मुळीच नको होती. मी तोंड उघडलं, आणि यमुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. त्या पावसाळ्यात मी आळं खणलं. माझं मीच, बांगड्या वर सारून, मनातल्या मनात दोघींना नावं ठेवत. शेंगा धरल्या तेव्हा पहिल्या घोसाला लाल चिंधी मीच बांधली, कारण नसती बांधली तर कोण येऊन काय म्हणेल हे मला चांगलं ठाऊक होतं.